मुका घेऊ नका!

कांबळेबाईंचा आवाज जिन्यावरून खाली आला, की नवख्या माणसाला वाटायचं वर भांडण लागलंय. भांडण नसायचं. बाई पेशंटला मलम कसं लावायचं ते सांगत असायच्या.

"ट्यूबचं तोंड फोडाला टेकवायचं न्हाय! बोटावर घ्या, लावा आणि बोट धुवा. त्याच बोटानं डोळा चोळलासा तर डोळा जाईल. मग माझ्याकडं येऊ नका. मी कातड्याची डॉक्टर हाय, डोळ्याची न्हवं!"

राजारामपुरीत माझं औषधाचं दुकान आणि त्याच्या डोक्यावर बाईंचा दवाखाना. जिना माझ्या काउंटरला लागूनच वर जायचा. नव्वदनंतर त्या तिथं आल्या आणि पुढची बरीच वर्षं मी त्यांचं बोलणं इच्छा असो-नसो ऐकलं. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. 'ओ मेडिकल!' म्हणायच्या, तेही जिन्याच्या वरच्या पायरीवरून, रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशा आवाजात.

बुटक्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. बसून बोलणं त्यांना जमायचं नाही. पेशंट खुर्चीत आणि बाई उभ्या. शांत असल्या की पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि चिडल्या की थेट हातकणंगल्याकडच्या आपल्या गावाचं. पुस्तकातलं मराठी मी फार कमी वेळा ऐकलं.

त्यांच्या दारावर बोर्ड होता : 'त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ'. पेशंट, त्यातून बायका, त्या बोर्डाखालून जाताना पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. इमारतीचे मालक आप्पासाहेब मागच्या बंगल्यात राहायचे. उद्यमनगरात त्यांची फौंड्री होती. ते एकदा वर जाऊन म्हणाले, "बाई, तो दुसरा शब्द तेवढा पुसता आला तर बघा. घरात लेकीसुना हायत."

"लेकीसुनांना रोग होत न्हाईत व्हय?" बाई म्हणाल्या. "गुप्त काय हाय त्यात? तुम्ही लपवता म्हणून गुप्त. बोर्ड ऱ्हाईल."

बोर्ड राहिला. आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता. बाईंना शहरात जागा मिळत नव्हती. आडनाव ऐकलं की लोकांची जागा अचानक भाच्याला द्यायची ठरलेली असायची. आप्पासाहेबांनी दिली. फक्त, ते पुढं प्रत्येकाला सांगत सुटायचे, "जागा देताना मी जात विचारली न्हाय, बरं का!" हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या माझ्या काउंटरवर मूठ आपटून म्हणाल्या, "विचारलं न्हाय हे इतक्या येळा सांगत्यात, त्यापेक्षा एकदा विचारून टाकलं असतं तर बरं झालं असतं!"

विचारणारेही होतेच. औषधाची चिठ्ठी हातात पडली, की एखादा म्हातारा गोड बोलत विचारायचा, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या म्हणायच्या?"

"हातकणंगल्याजवळच्या."

"न्हाय, म्हंजे..."

"म्हंजे कांबळे. बोर्डावर लिहिलंय की! बौद्ध. आता बोला, खाज कधीपास्नं सुटलीया?"

बाईंना सगळ्या रोगांत जास्त चीड होती ती अगदी साध्या वाटणाऱ्या एका गोष्टीची. आमच्याकडं ताप येऊन गेला, की ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात. त्याला 'जर उठला' म्हणतात. अंगातली उष्णता बाहेर पडली, नाहीतर झोपेत तोंडावरून कोळी फिरला, असं ज्याला जे सुचेल ते सांगायचं आणि वर लोणी लावायचं. दुसऱ्याच कशासाठी आलेला पेशंट बाईंनी ओठाबद्दल विचारलं की म्हणायचा, "ते काय न्हाय वो. जरा जर उठलाय." झालं! 'काय न्हाय' हे शब्द बाईंच्या दवाखान्यात चालत नसत.

"काय न्हाय कसं? विषाणू हाय त्यो. हर्पीस म्हणतात. एकदा शिरला की जन्माचा मुक्काम. फोड वाळला म्हंजे त्यो गेला न्हाय, झोपला. कानाच्या पुढं आत मज्जातंतूची गाठ असते, तिथं जाऊन झोपतोय. ताप आला, ऊन लागलं, जागरण झालं, जिवाला घोर लागला, की उठून परत ओठावर. फोडातल्या पाण्यात ठासून भरलेला असतोय. मुका घेतलासा, उष्टा कप दुसऱ्याला दिलासा, एका टॉवेलनं सगळ्या घरानं तोंड पुसलं, की चालला पुढच्या माणसात. आणि कधी कधी तर फोड दिसतबी न्हाय, तरी थुंकीत असतोय."

पेशंट घाबरून विचारायचा, "मग मी मरतोय काय?"

"न्हाय. निम्म्याहून जास्त कोल्हापूरला हाय त्यो. तुमास्नी काय करत न्हाय. ज्याच्या अंगात ताकद न्हाय, त्याला करतोय. नुकतं जन्मलेलं पोर. त्याच्यापासनं लांब ऱ्हावा, एवढंच!"

वर्षातून दोन-तीनदा त्यांना स्वतःला जर उठायचा. त्या दिवसांत त्या तोंडाला पांढरा रुमाल बांधून यायच्या. तेव्हा तोंडाला रुमाल बांधून बसलेली डॉक्टरीण बघायची कुणाला सवय नव्हती. एकदा जिन्यात थांबलेल्या दोघीजणी कुजबुजल्या, "बाईलाच काहीतरी झालंय." बाईंनी ते ऐकलं. बाहेर आल्या, रुमाल खाली ओढला आणि सुजलेला ओठ त्यांच्यापुढं धरला.

"बघा. मलाबी हाय. आईकडनं आलाय. आई लोकाच्या रानात भांगलायला जायची. संध्याकाळी आली की आधी मला उचलायची, मुके घ्यायची. ऊन खाऊन तिचा ओठ कायम फुटलेला. तिला कुणी सांगितलंय? सोनं-नाणं आईनं मला काय दिलं न्हाय, हे दिलंय. तिच्यावर रागवू व्हय मी?"

 बाई रुमाल वर ओढून आत गेल्या आणि आतून ओरडल्या, "रागवायचंय ते ज्यांना ठावं होतं आणि ज्यांनी सांगितलं न्हाय, त्यांच्यावर! पुढचा पेशंट!"

एके दुपारी मलकापूरकडचा एक शेतकरी काउंटरशी आला. "पावणं, ती कातड्याची डॉक्टरीण हितंच काय?" मागं त्याची लेक. मंगल तिचं नाव. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. ओठावरचे फोड वाळत आलेले आणि नजर जमिनीवर. तिला ताप येऊन जर उठला होता. गावातल्या डॉक्टरानं 'हर्पीस' असा शब्द उच्चारला. तेव्हा एड्सच्या भीतीनं सगळीकडं भाषणं चालली होती. नवऱ्याच्या मित्रानं तसल्याच एका भाषणात हा शब्द ऐकलेला. त्यानं सांगितलं, हा तर वाईट चालीच्या बाईचा रोग. दुसऱ्या दिवशी सासरच्यांनी मंगलला माहेरी आणून सोडलं.

बाईंनी तिला तपासलं आणि नवऱ्याला साखर कारखान्याच्या ऑफिसात फोन लावला. मला खाली शब्द न् शब्द ऐकू आला. "तुमच्या बायकोला काय झालंय ते तुम्हालाच सांगायचंय. आईला घेऊन या. न्हाय आलासा तर मी तुमच्या गावात येते. माझा आवाज कसा हाय ते आता ऐकताय न्हवं?"

आठवड्याच्या आत सगळे आले. बाईंनी मला हाक मारली, "ओ मेडिकल, वर या. साक्षीला माणूस पाहिजे." मी वर जाऊन दाराशी उभा राहिलो. मंगल आणि तिचे वडील एका बाकावर, नवरा आणि सासू समोरच्या बाकावर.

"तुमास्नी जर उठतोय का कधी?" बाईंनी सासूला विचारलं.

"उठतोय की. ताप आला की. त्याला काय हुतंय?"

"आणि तुम्हाला?" नवऱ्याला.

तो चुळबुळला. "थंडीत येतोय कधी कधी."

"लग्न झालं तेव्हा थंडीच हुती न्हवं?"

 बाई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "हिनं तुमच्या घरात काय आणलं न्हाय. तुमच्या घरानं हिला दिलंय. आईनं तुम्हाला लहानपणी दिलं, तुम्ही बायकोला दिलं. ह्याचा एक भाऊ असतोय, त्यो बहुतेक कमरेखाली होतोय. कधी ह्यो तिकडं, कधी त्यो हिकडं. पण समजा हिला कमरेखाली असता, तरी? तरी रोगच असता. पाप न्हवं. घराबाहेर काढायला तुम्ही कोण?"

सासू म्हणाली, "आमास्नी काय ठावं बाई? बरं, चुकलं. न्हेतो आमी हिला."

मंगल तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. आता खाली मान घालूनच म्हणाली, "माझा कप गोठ्यात ठेवलाय."

"काय?"

"कप आन् ताट. माझं येगळं केलंय. गोठ्याच्या कोनाड्यात ठेवत्यात. मी गेले तरी ते तिथनं घरात येणार हाय का, ते इचारा."

बाई खिडकीकडं गेल्या आणि आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. कुणाला काही कळेना. मला थोडंफार कळलं. त्यांच्या गावातल्या चहाच्या हॉटेलात त्यांच्या वडिलांसाठी कान तुटलेला कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा, आपला आपण धुवायचा आणि परत खोचायचा, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. 

मंगलच्या वडिलांना राहवलं नाही. ते हात जोडून म्हणाले, "बाई, तुमीच हिच्या कपातलं घोटभर पिऊन दाखवा. म्हंजे ह्यांचा इस्वास बसंल."

बाई गर्रकन वळल्या. "न्हाय पिणार! फोड ओला असेपर्यंत कुणी कुणाच्या उष्ट्या कपातलं प्यायचं न्हाय. हिच्या न्हाय, ह्यांच्या न्हाय, माझ्याबी न्हाय. नाटक करून रोग जात न्हाय. पण साबणानं धुतलेला कप धुतलेला असतोय! त्याला रोग न्हाय आणि विटाळबी न्हाय. कप घरात येईल. आज येईल. ह्यांनी स्वतःच्या हातानं आणायचा." त्यांनी सासूकडं बोट केलं. "आणि मी बघायला येणार हाय."

त्या खरंच गेल्या, आपली लुना घेऊन, रविवारी. कप स्वयंपाकघरात होता, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मंगल सुखानं नांदली का, ते मला माहीत नाही. बाईंनाही नसावं. "सुख बघायला मी गेले न्हवते," म्हणाल्या.

त्यानंतर काही वर्षांनी आप्पासाहेबांना नातू झाला. पहिला नातू. बंगल्याच्या अंगणात मांडव घालून बारसं केलं. मला बोलावणं होतं, बाईंनाही होतं. बाई चांदीचा वाळा घेऊन आल्या आणि बायकांत जाऊन बसल्या. पाळणा झाला, नाव ठेवून झालं आणि आप्पासाहेबांनी नातवाला उचलून घेतलं. आदल्या दिवसांत त्यांना ताप येऊन गेला होता. खालचा ओठ एका बाजूनं सुजून वर आलेला. त्यांनी पोराच्या कपाळावर, टोपड्याच्या कडेला ओठ टेकले आणि तसेच ठेवले.

"आप्पासाहेब, पोराला खाली ठेवा!"

वाजंत्री थांबले. बाई बायकांतून वाट काढत पुढं आल्या होत्या. "आधी खाली ठेवा! ओठ बघा तुमचा. कोवळं पोर हाय ते! वैशाली, पाणी आण, साबण आण, कपाळ पूस त्याचं."

वैशाली म्हणजे आप्पासाहेबांची सून, बाळाची आई. ती उठायला लागली, पण तिला आप्पासाहेबांच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, खांदा दाबून खाली बसवलं आणि त्या बाईंकडं वळल्या.

"आमच्या घरात यिऊन आमास्नीच शिवू नगा म्हणतीया! आमच्या पोराला! काळ लईच बदलला म्हणायचा."

दोन-चारजणी हसल्या.  मी आप्पासाहेबांकडं बघत होतो. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. ते पोराला छातीशी धरून, मान खाली घालून उभे राहिले. आज इतक्या वर्षांनीही मला आत्याबाईंच्या बोलण्यापेक्षा त्या गप्प बसण्याचा राग जास्त येतो. जात विचारली नाही म्हणून शहरभर सांगणारा माणूस स्वतःच्या अंगणात गप्प बसला.

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. त्या वैशालीला म्हणाल्या, "ह्यांना काय म्हणायचंय ते म्हणू देत. तू ऐक. पोरानं दूध सोडलं, ताप आला, मलूल पडलं, तर तासाभरात दवाखाना गाठ. आणि मला बोलव." आणि जेवण न करता निघून गेल्या.

बोलावलं नाही. पोरानं दूध सोडलं तेव्हा आत्याबाईंनी दृष्ट काढली. ताप आला तेव्हा घरातली गुटी उगाळली. झटके यायला लागले तेव्हा दवाखान्यात नेलं. बंगल्यावरचा ड्रायव्हर माझ्याकडं औषध घ्यायला आला, त्याच्याकडून मला कळलं. मी जिना चढून बाईंना सांगितलं. समोर पेशंट बसलेला होता. त्याला तसाच सोडून, पायात स्लिपर सरकवून बाई खाली पळाल्या. मी मागोमाग गेलो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्याबाई दार अडवून उभ्या होत्या. "तू कशाला आलीस? तूच बोललीस आन् लागलं पोराला!"

बाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचा हात बाजूला केला आणि आत गेल्या. लहान मुलांचे डॉक्टर तरुण होते. पोराला सलाइन लागलेलं, जंतुसंसर्गाची औषधं चाललेली. बाईंनी विचारलं, "टोपडं कुणी काढलंय का?" थंडी लागेल म्हणून घरच्यांनी ते पुन्हा पुन्हा घालत ठेवलं होतं. बाईंनी ते काढलं. केसांच्या रेषेवर, कपाळाच्या वर, मोहरीच्या दाण्याएवढे पाण्याचे फोड, घोळक्यानं. डॉक्टर वाकले, बघत राहिले आणि त्यांनी मान हलवली. आता त्यांनाही कळलं होतं.

त्या विषाणूवर शिरेतून द्यायचं इंजेक्शन होतं, पण त्या वेळी ते सहज कुठं मिळायचं नाही. बाई मला म्हणाल्या, "मेडिकल, कोल्हापूर, सांगली, मिरज, जिथं असंल तिथनं आणा. मला कारणं सांगायची न्हाईत." मी फोनला बसलो. मिरजेला सापडलं. आप्पासाहेबांचा मुलगा स्वतः मोटारसायकल घेऊन गेला आणि घेऊन आला. सूज मेंदूपर्यंत पोचली होती. पण पोर वाचलं.

वाचलं, पण पूर्ण नाही. उजवा हात अधू राहिला. फिट्सची गोळी कायमची लागली. बोलणं उशिरा आणि अडखळत आलं.

दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशी आप्पासाहेब बाईंपुढं येऊन उभे राहिले. मी बिस्किटांचा पुडा घेऊन व्हरांड्यात होतो.

"बाई, खरं सांगा. माझ्यामुळं?"

मला वाटलं आता बाई तडकणार. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर येणार. बाई पुस्तकातल्या मराठीत बोलल्या, अगदी हळू. "बहुतेक तुमच्यामुळं. खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. पण तुम्ही विचारलंत, म्हणून खोटं सांगणार नाही." मग म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. जर उठतो तो कशानं, हे साठ वर्षांत एकाही डॉक्टरानं तुम्हाला सांगितलं नाही. मीसुद्धा तुमच्याच इमारतीत दवाखाना चालवून सांगितलं ते मांडवात, उशिरा."

तिथून पुढं बाईंच्या रागाला दिशा मिळाली आणि लगाम सुटला. शहरातल्या प्रसूतिगृहांत त्या एकेक करून गेल्या. म्हणणं एकच : भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, 'नवजात बाळाचा मुका घेऊ नका. ओठावर फोड असल्यास बाळाला घेऊ नका.' एक डॉक्टर म्हणाले, नातेवाईक दुखावतील. दुसरे म्हणाले, असं क्वचित होतं, त्यासाठी सगळ्यांना कशाला घाबरवायचं? बाई त्यांच्या वेटिंग हॉलमध्ये पेशंटांसमोर ओरडल्या, "क्वचित म्हंजे कुणाच्या तरी घरात न्हवं? ते घर तुमचं न्हाय म्हणून क्वचित!"

बोर्ड फार थोड्यांनी लावले. मग त्या स्वतःच बाळंतिणींच्या खोल्यांतून फिरायला लागल्या. महिला मंडळांत, बचत गटांत, शाळांच्या पालकसभेत, बोलावलं नाही तरी. बाकी काही सांगत नसत. मुका घेऊ नका, हात धुवा, जर उठला असला तर लांब राहा. लोकांनी नाव पाडलं, 'बिनमुक्याची बाई'. बाईला नवरा नाही, पोर नाही, म्हणून दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही, असंही बोललं जायचं. माझ्या काउंटरवर एकानं हसत हसत ते म्हटलं, तेव्हा मी त्याचं औषध परत कपाटात ठेवलं आणि त्याला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला.

वैशाली दर महिन्याला मुलाला घेऊन वर यायची. फिट्ससाठी खरं तर बाईंकडं यायचं कारण नव्हतं. पण ती यायची. एका सकाळी ती बोलता बोलता म्हणाली, "मामंजी ह्याला घेत न्हाईत. दवाखान्यातनं आणल्यापास्नं एकदाबी शिवले न्हाईत. हा त्यांच्याकडं गेला की उठून आत जातात. आता ह्यालाबी कळायला लागलंय. 'आबा नको' म्हणतोय."

मी खाली औषधांची खोकी फोडत होतो. वर खुर्ची जोरात सरकली. बाई मुलाचा हात धरून जिना उतरल्या, मागं वैशाली. "ओ मेडिकल, साबण द्या!" मी साबणाची वडी पुढं केली. ती घेऊन त्या मागच्या बंगल्याकडं निघाल्या. बारशानंतर बाई त्या अंगणात पहिल्यांदाच पाय टाकत होत्या. मी दुकान तसंच टाकून फाटकापर्यंत गेलो.

आप्पासाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. नातवाला बघून उठायला लागले.

"बसा खाली!" बाई ओरडल्या. "उठायचं न्हाय. तोंड बघू. ओठ बघू."

बाईंनी आप्पासाहेबांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, पेशंटचा वळवतात तसा. "फोड न्हाय, चुरचुर न्हाय. हात धुवा."

"बाई, नको. माझ्याच्यानं..."

"हात धुवा म्हणते न्हवं!"

अंगणातल्या नळावर त्यांनी आप्पासाहेबांचे हात स्वतः साबण लावून धुतले, कोपरापर्यंत. आत्याबाई आतून दारात येऊन बघत होत्या. मग बाईंनी पोराला उचललं आणि आजोबांच्या मांडीवर बसवलं.

"आता ऐका. तान्हं हुतं तेव्हा भ्या हुतं. आता त्याच्या अंगात हाय त्यो, नवीन काय देणार तुम्ही त्याला? रोग तुमच्याकडनं गेला, ते चुकून गेला. पण हे जे चालवलंय न्हवं, पोर दिसलं की उठून जायचं, हे चुकून न्हाय! हे तुम्ही रोज, जाणूनबुजून करताय. पोराला वाटतंय त्यालाच काहीतरी लागलंय. लहान पोराला बघून कुणी बाजूला सरकलं, की त्या पोराला काय वाटतंय ते मला विचारा. मला!"

पोरानं डाव्या हातानं आजोबांची मिशी धरली आणि ओढली. आप्पासाहेबांचं तोंड वेडंवाकडं झालं. त्यांनी दोन्ही हातांनी पोराला घट्ट धरलं आणि म्हातारा माणूस रडतो तसे आवाज न करता रडायला लागले. रडता रडता म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला पायजे हुतं, बाई."

"व्हय. पायजे हुतं," बाई म्हणाल्या. 'असू दे' म्हणाल्या नाहीत.

परत येताना मला फाटकाशी बघून थांबल्या. डोळे लाल होते. "काय बघताय? दुकानात गिऱ्हाईक थांबलं असंल!"

पुढं काही वर्षांनी आई अंथरुणाला खिळली म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला आणि गावी गेल्या. सामान उतरवताना मी मदतीला गेलो तर हमालांवर ओरडत होत्या, त्यामुळं निरोप असा नीट झालाच नाही. आई गेल्यावरही त्या गावातच राहिल्या, तिथंच पेशंट बघायच्या, असं ऐकत होतो.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते हातकणंगल्याच्या स्टेशनवर. मी पॅसेंजरनं मिरजेला चाललो होतो. गाडी थांबली आणि मला फलाटावरून तो आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर केस पूर्ण पांढरे झालेले, पाठीला पोक आलेलं, पण साडीची इस्त्री तशीच. बाकावर कुंचीतलं बाळ घेतलेली एक पोरगी बसली होती आणि तिच्यापुढं पागोटं घातलेला एक म्हातारा वाकलेला. बाई त्याच्यावर बोट रोखून ओरडत होत्या. गाडीच्या आवाजात शब्द कळत नव्हते, कळायची गरजही नव्हती. म्हातारा आधी चिडला, हातवारे करून काहीतरी बोलला.  बाईंनी त्याचा हात धरला, दुपट्यातून बाळाचं पाऊल बाहेर काढलं आणि त्याचा हात त्या पावलावर ठेवला. म्हातारा पाऊल धरून हसायला लागला. बाई काही हसल्या नाहीत. कपाळावरची आठी तशीच.

गाडी हलली. मी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून जोरानं हलवला आणि ओरडलो, "कांबळेबाई!"

त्या वळल्या. ओळखलं की नाही ते पहिल्यांदा कळेना. मग त्या गाडीबरोबर चार पावलं चालत आल्या आणि सगळा फलाट वळून बघेल अशा आवाजात म्हणाल्या, "ओ मेडिकल! हात आत घ्या आधी! पुढं खांब हाय, दिसत न्हाय व्हय?"